आपोआप जळलेला मदरबोर्ड

आमच्या दुकानात जळलेल्या मोटरींपेक्षा किस्से जास्त साठतात. मोटरी निदान ज्याच्या त्याला परत न्याव्या लागतात, किस्से कोणीच नेत नाही! माझे बाबा बाभुळगावला मोटर वायंडिंग करतात, म्हणजे विहिरीवरच्या जळलेल्या मोटरींमधली तांब्याची तार काढून नवी भरतात, तिला वार्निश मारतात आणि भट्टीत वाळवतात. शाळा सुटली की मी तिथे बसते आणि आलेल्या प्रत्येक मोटरीला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधते. चिठ्ठीवर तीन ओळी असतात : नाव, गाव, काय झालं. माझं अक्षर चांगलं आहे आणि मी मध्ये बोलत नाही, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

बाबांचा नियम असा, की तिसरी ओळ रिकामी ठेवायची नाही आणि खोटी लिहायची नाही. अडचण एवढीच, की गिऱ्हाइकाला "काय झालं?" म्हणून विचारलं, तर सगळ्यांचं उत्तर एकच असतं.

"काहीच केलं नाही जी. आपोआप जळली!"

मारोतराव नावाचे एक आजोबा मध्यंतरी मोटर घेऊन आले. तेही हेच म्हणाले. बाबांनी पंख्याचं झाकण काढलं तर आतली जाळी गायब, आणि पंख्यात वाळून कडक झालेला बेडूक. बाबांनी तो चिमट्याने उचलून काउंटरवर ठेवला.

"हा पण आपोआपच आत गेला काय?"

मारोतरावांनी चष्मा लावून बेडूक नीट पाहिला. मग म्हणाले, "हा आमच्या शिवारातला नाही. तुमच्या दुकानातलाच असन!"

मी चिठ्ठीवर लिहिलं : जाळी काढली, बेडूक आत गेला, पंखा अडकला. मारोतरावांनी ते वाचलं आणि हळूच मला म्हणाले, "पोरी, जाळीचं तेवढं खोडून टाक. बेडूक राहू दे."

*

संगणकाचं असं झालं, की मला मराठी टायपिंगची परीक्षा द्यायची होती. मिनिटाला तीस शब्द. क्लासमध्ये एका संगणकावर आम्ही तिघी, आणि माझी पाळी आली की नेमकी लाइन जायची. घरी संगणक घ्या, हे एक वाक्य बाबांना म्हणायला मला आठ दिवस लागले.

माझा आतेभाऊ सुमितदादा नागपूरला इंजिनिअरिंगला आहे. तो फोनवर म्हणाला, "मामा, तयार घेऊ नका. सुटे पार्ट आणा आणि घरी जोडा."

"जोडन कोण?" बाबांनी विचारलं.

"मी," मी म्हटलं.

आईने तवा सोडून मागे वळून पाहिलं. घरात मी एवढं मोठ्याने कधी बोलले नव्हते. तेवढ्यात पोळी जळली. ती मात्र खरंच आपोआप जळली!

बाबांनी बराच वेळ विचार केला. "ठीक आहे. तू जोडशील तर आणतो. पण मंग बिघडला तर कायनं बिघडला, हे तूच सांगायचं. आपोआप म्हणायचं नाही."

यवतमाळहून सगळे भाग आणले. दुकानदाराने निघताना बजावलं, की भाग आतून खराब निघाला तर बदलून देऊ, पण जोडताना चूक केली तर नाही. बाबा परतीच्या बसमध्ये हे वाक्य मला तीनदा म्हणाले.

*

रविवारी दुपारी खाटेवर चादर अंथरून मी जोडायला बसले. समोर बाबा. बाबांना वीस वर्षांचा अनुभव आहे, पण मोटरींचा!

प्रोसेसरवर वाटाण्याएवढी पेस्ट लावून त्यावर पंखा बसवायचा असतो. मी लावली.

"एवढीशी?" बाबा म्हणाले. "पंखा एवढा मोठा अन् ग्रीस एवढंसं? थांब, बेअरिंगचं आणतो."

मी दोन्ही हात पंख्यावर झाकण ठेवल्यासारखे ठेवले. बाबा पुन्हा बसले. पाच मिनिटांनी म्हणाले, "बरं, याले वार्निश केव्हा मारायचं?"

"नाही मारायचं बाबा."

"अन् भट्टीत कधी ठेवायचं?"

"नाही ठेवायचं."

"वार्निश नाही, भट्टी नाही." बाबांनी आईकडे पाहिलं. "टिकन कसं हे?"

मदरबोर्ड म्हणजे ती मोठी पाटी, जिच्यावर बाकी सगळं बसतं. तिच्या पाठीवर सोल्डरचे शेकडो बारीक टोकदार ठिपके असतात. ते लोखंडी पत्र्याला लागले तर शॉर्ट होतं, म्हणून आधी कॅबिनेटच्या, म्हणजे संगणकाच्या लोखंडी पेटीच्या, पत्र्यात सहा पितळी खुंट्या पिळायच्या आणि पाटी त्यांच्यावर बसवायची. मी सहा मोजल्या, सहा पिळल्या, पाटी बसवली. मग वाकून पाहिलं. पाटीच्या खालून पेनाची रिफिल आरपार जाईल एवढी फट होती. बोर्डासोबत आलेल्या पुस्तिकेतल्या चित्रात होती तशीच. तारांच्या जुड्या करून त्या मी दोऱ्याने कडेला बांधल्या.

एवढ्यात संध्याकाळ झाली, लाइन गेली आणि दिसेनासं झालं. उरलेलं सोमवारी संध्याकाळी करायचं ठरलं.

*

इथे गजूकाकांबद्दल सांगायला हवं. गजूकाका वायरमन आहेत, बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त. माणूस फार चांगला. फक्त त्यांना अर्थिंगचं वेड आहे. लोखंडाची कुठलीही वस्तू दिसली की ते तिला हिरवी तार जोडून जमिनीत नेतात.

आमच्या फ्रिजला अर्थिंग आहे, ते ठीक. आमच्या लोखंडी कपाटाला आहे. खाटेला आहे. कपडे वाळत घालायच्या तारेलाही आहे! शेजारच्या काकूंच्या कोंबड्यांच्या खुराड्याला जाळी लावली, तर दुसऱ्या दिवशी गजूकाका तिथे खड्डा खणत होते.

"अबे गजू, खुराड्यात लाइटच नाही ना!" बाबा ओरडले.

"आज नाही. उद्या लावला तर?"

अंगणात त्यांनी अर्थिंगचा खड्डा केला, त्यात कोळसा आणि मीठ भरलं, आणि आईला सांगून ठेवलं, "वहिनी, उन्हाळ्यात तुळशीले पाणी राह्यलं तर एक वेळ चालन. पण खड्ड्याले विसरू नका."

सोमवारी मी शाळेत असताना गजूकाका संगणकासाठी नवं सॉकेट बसवायला आले होते. मी घरी आले तेव्हा सॉकेट तयार होतं, आणि कॅबिनेटच्या मागून एक जाड हिरवी तार निघून भिंतीकडे गेली होती. तारेचं टोक एका चमकदार पितळी तुकड्याखाली घट्ट दाबलेलं होतं.

"पाह्य," गजूकाका अभिमानाने म्हणाले. "आता वीज पडली तरी तुह्या काँप्युटरले काही होत नाही!"

*

चालू करायच्या वेळी घरात सगळे जमले. आईने कॅबिनेटला हळद-कुंकू लावलं. बाजूच्या दुकानातले शेखचाचा आले. ते पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचे, आता मोबाइल करतात. बाबांनी कॅबिनेटवर तळहात ठेवला, मोटर पहिल्यांदा चालू करताना ठेवतात तसा.

सगळे उभे, म्हणून मी घाईघाईने उरलेल्या तारा जोडल्या. की-बोर्डची पिन मागच्या भोकात सरळ जाईना. भोकाभोवतीची पत्रीही पकडीने वाकवल्यासारखी दिसत होती. कॅबिनेट स्वस्तातलं असेल असं मला वाटलं, आणि मी पिन तिरपी करून घातली. मी तेव्हाच विचारायला हवं होतं. पण एवढ्या लोकांत कोण विचारणार!

बाबा म्हणाले, "मार बटन."

मी मारलं.

टप्! पंख्याने अर्धी गिरकी घेतली आणि थांबला. कॅबिनेटच्या जाळीतून धुराची एक बारीक रेघ वर आली.

मग बाबा वाकले आणि त्यांनी डोळे मिटून लांब वास घेतला. बाबा वासावरून सांगतात, की मोटर कशाने जळली.

"वार्निश नाही," ते म्हणाले. पुन्हा वास घेतला. "रबर पण नाही."

"मंग काय आहे?" गजूकाकांनी विचारलं.

बाबा सरळ उभे राहिले. "वास ओळखीचा नाही."

बाबा असं म्हणाल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. मग सवयीने ते वळले. "रेणू, चिठ्ठी लाव."

मी चिठ्ठी घेतली. नाव : रेणू. गाव : बाभुळगाव. काय झालं : ...

परीक्षेला तीन आठवडे होते. आणि ती तिसरी ओळ मलाच भरायची होती.

*

दुसऱ्या दिवशी संगणक दुकानाच्या काउंटरवर आला, आणि बाभुळगावच्या बसस्टँडवर जो उतरला, तो बघून गेला.

आधी शेखचाचांनी पॉवर सप्लाय सुटा करून तपासला. त्याच्या दोन पिना तारेने जोडल्या, तर त्याचा पंखा मस्त फिरला. मग त्यांनी मीटरच्या सुया मदरबोर्डच्या पिनांना लावल्या. मीटर ओरडायला लागला. दुसऱ्या पिना, तरी ओरडला. तिसऱ्या, तरी.

"पूरा शॉर्ट है," चाचा म्हणाले. "पॉवर सप्लाय जिंदा है. बोर्ड गेला."

"पण कायनं गेला?" बाबांनी विचारलं.

"वो मीटर नहीं बताता, भाई. वो सिर्फ रोता है."

मग सुमितदादाला व्हिडिओ कॉल लावला. फोन आईच्या हातात होता, त्यामुळे दादाला पहिली पाच मिनिटं दुकानाचं छतच दिसलं. दादा म्हणाला, रॅम काढा आणि खोडरबराने घासा. चाचांनी माझं खोडरबर घेतलं आणि घासलं. काही झालं नाही. दादा म्हणाला, अजून घासा. माझं नवं खोडरबर अर्धं संपलं! फोन ठेवता ठेवता दादा म्हणाला, "नाहीतर बोर्ड बाहेर काढून पाठीमागून बघा एकदा." पण तोपर्यंत आईने फोन कानाला लावला होता आणि ती "जेवला काय?" विचारत होती. मी जवळ होते, म्हणून मला ते ऐकू आलं.

एवढ्यात गजूकाका आले. त्यांच्या हातात सिरीजचा बल्ब होता. आमच्याकडे मोटर तपासायला घरातल्या लाइटवर एक मोठा बल्ब मध्ये जोडतात आणि तारेची दोन टोकं मोटरीला लावतात. बल्ब कसा पेटतो त्यावरून काय ते कळतं.

"सरका," गजूकाका म्हणाले. "याले आधी सिरीजवर घेतो."

त्यांनी दोन्ही टोकं मदरबोर्डजवळ नेली, आणि बाबा आणि शेखचाचा एकदमच ओरडले.

"गजानन! ये मोटर नहीं है!"

गजूकाका थांबले. "मंग काय आहे?"

बाबांनी चाचांकडे पाहिलं. चाचांनी बाबांकडे पाहिलं. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

*

बुधवारपर्यंत गावात नक्की झालं होतं : रेणूने काँप्युटर जाळला. क्लासमधल्या मैत्रिणींनी विचारलं. गणिताच्या सरांनी विचारलं. किराणा दुकानातल्या काकूंनी साखर बांधता बांधता विचारलं, "काहून गं, तू म्हणे घर पेटवत होती?"

मी सहा खुंट्या मोजल्या होत्या. पुस्तिका दोनदा वाचली होती. पण हे सांगायचं कोणाला आणि कसं? बाबा सकाळीच आईला म्हणाले, "उद्या दाखवतो यवतमाळले. जोडणीत चूक निघाली तर मंग राहूच दे. तिले क्लासच बरा."

त्यात मारोतराव आपली मोटर न्यायला आले. त्यांनी काउंटरवरचा संगणक पाहिला, चिठ्ठीवरची रिकामी ओळ पाहिली, आणि चष्मा काढून पुसला.

"आपोआप जळला काय हो?" त्यांनी बाबांना विचारलं.

बाबा मान खाली घालून तार गुंडाळत राहिले.

"नाही, बेडूक-बिडूक निघाला असन तर सांगा. आमच्या शिवारात विचारून पाहतो!"

*

मारोतराव तिथेच चहाला थांबले. बाबा, चाचा आणि गजूकाकाही चहा घेत होते. मी कोपऱ्यात संगणक ओढला आणि पाटीचे स्क्रू काढायला घेतले.

पहिलाच स्क्रू माझा नव्हता. तो जाड, काळा, स्विचबोर्डाचा होता. दुसराही तसाच. सहाही तसेच. मी पाटी उचलली आणि उलटी केली. पाठीवर करंगळीच्या नखाएवढा काळा डाग होता. खाली पत्र्यावर, बरोब्बर त्याच जागी, तसाच डाग. आणि पत्र्यात एकही खुंटी नव्हती.

खुंट्या नाहीत, म्हणजे पाटी खाली बसली. पाटी खाली बसली, म्हणून मागची भोकं जुळली नाहीत आणि पिन तिरपी गेली. पत्री कॅबिनेटवाल्यांनी वाकवली नव्हती. मी कॅबिनेटच्या मागे पाहिलं. हिरव्या तारेचा तुकडा अजून लटकत होता, आणि त्याचं टोक ज्या चमकदार पितळी तुकड्याखाली दाबलेलं होतं, तो तुकडा मला आता चांगला ओळखू आला.

मी पाटी हातात घेऊन काउंटरशी गेले. काय म्हणायचं ते मी मनात चारदा म्हटलं, तरी तोंडातून वेगळंच निघालं.

"गजूकाका, बाकीच्या पाच कुठे आहेत?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. फक्त गजूकाका खूश झाले.

"माह्या डब्यात आहेत ना! अवं, तुहा बोर्ड हवेत लटकून राह्यला होता. खाली एवढी फट! हवेतल्या मालाले अर्थिंग कसं भेटन? म्हणून मी त्या खुंट्या काढल्या अन् पत्र्याले चांगला चिपकवून बसवला. थोडा खाली आला, तर मागून पत्री वाकवून घेतली. एक खुंटी तारेले लावली, पाच जपून ठेवल्या. पितळ आहे बेटा, फेकाले जीवावर येते."

शेखचाचांनी चहाचा कप खाली ठेवला. मी पाटीचा काळा डाग दाखवला, मग पत्र्यावरचा. बाबांनी दोन्ही डाग पाहिले. त्यांना एकदाच पाहावं लागलं.

गजूकाकांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "पण मी..." ते म्हणाले. "पण मी तर काहीच केलं नाही!"

"बेडूक पण हेच म्हणत असन," मारोतराव म्हणाले.

बाबांनी खिशातला पेन काढून माझ्यापुढे धरला. मी तिसरी ओळ लिहिली : खुंट्या काढून पाटी पत्र्याला चिकटवली, शॉर्ट होऊन जळली. गजूकाकांनी ती दोनदा वाचली आणि डब्यातून पाच खुंट्या काढून माझ्या हातावर ठेवल्या.

"अन् सहावी?" बाबांनी विचारलं.

गजूकाका उठून कॅबिनेटच्या आड उभे राहिले. "ते सोडून बोल, भाऊ. अर्थिंग निघणार नाही."

*

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बसने यवतमाळला गेलो. बाबा, मी आणि गजूकाका. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. कॅबिनेट माझ्या मांडीवर होतं. गजूकाका वाटभर त्याची हिरवी तार कुरवाळत बसले.

दुकानदाराने चिठ्ठी वाचली, पाटी उलटी करून पाहिली आणि मान हलवली. "हे बदलून मिळत नाही. जोडणीतली चूक आहे." मग त्याने कॅबिनेटच्या आत डोकावलं. "पण तारा कोणी बांधल्या या? आमच्याकडे पण एवढ्या नीट कोणी बांधत नाही."

"हिनं," बाबा म्हणाले. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"मग चूक कोणाची?"

गजूकाका पुढे आले. "माही," ते म्हणाले, आणि दोन्ही हात स्टीलच्या काउंटरवर टेकले. टेकले आणि झटक्याने उचलले!

"अरे, काउंटर करंट मारून राह्यला तुमचा!"

"तो रोजच मारतो," दुकानदार म्हणाला. "आम्ही काही केलं नाही हो. आपोआप यायला लागला."

बाबा खोकले. मी खाली फरशीकडे बघत राहिले.

गजूकाकांनी खिशातून टेस्टर काढून काउंटरला लावला. टेस्टरचा दिवा पेटला, आणि आदल्या दिवसानंतर पहिल्यांदा गजूकाकांचा चेहराही! ते मीटरच्या खोलीपर्यंत जाऊन आले, टेबलांखाली वाकून आले. "लाइनच्या पेटीपर्यंत अर्थिंग आहे. पुढं कोणी जोडलंच नाही. भाऊ, हे असं ठेवता काय? एखाद्याचा जीव जाईन!"

दुकानदार घाबरला. आतापर्यंत तीन वायरमन येऊन गेले, पण कोणालाच ते सापडलं नव्हतं म्हणे. शेवटी तो म्हणाला, "तुम्ही हा करंट घालवा. मी तुमच्या पोरीला बोर्ड देतो. वापरलेला आहे, पण तपासलेला आहे. तिने इथंच बसून जोडावा, चालू करून पाहावा आणि मगच न्यावा."

मी कॅबिनेट आडवं ठेवलं. पाच खुंट्या माझ्या दप्तरात होत्या. सहावीसाठी मी स्वतः दुकानदाराला म्हटलं, "काका, एक खुंटी द्या ना." त्याने डब्यातून काढून दिली. बाबा समोर स्टुलावर बसले होते. या वेळी त्यांनी ग्रीसबद्दल काहीच विचारलं नाही. मी एक पिळली, दोन पिळल्या, तीन, चार, पाच. सहावी चिमटीत धरली आणि भोकावर ठेवली.

तेवढ्यात काउंटरच्या खालून गजूकाकांचा हात वर आला. हातात हिरव्या तारेचं टोक होतं.

"रेणू, तुह्या हातातली ती एक दे बरं इकडे!"